सैनिकांचा शिरोभिघात, परदेशातील चिकित्सासंशोधन आणि वैद्यांपुढील प्रश्न

आपल्या त्रैमासिकात अमेरिकी सैन्याच्या रुग्णालयांतील संशोधनाची चर्चा कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. इराक व अफगाणिस्तान येथील युद्धांनंतर शिरोभिघात आणि युद्धजन्य मनोभिघात या दोन विषयांवर तेथे जेवढा पैसा व मनुष्यबळ खर्ची पडले आणि जेवढी कठोर परीक्षणे झाली, तेवढी अन्यत्र क्वचितच झाली असतील. त्या परीक्षणांतून जे प्रश्न वर आले ते आपल्या धाराद्रोणीपर्यंत येऊन पोहोचणारे आहेत. शिवाय सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत चिकित्सा करणाऱ्या वैद्यांकडे माजी सैनिक आणि त्यांचे कुटुंबीय नित्य येतात. २०२२ साली छावणी मंडळांच्या ३७ रुग्णालयांत आयुर्वेद केंद्रे सुरू करण्याचा निर्णय संरक्षण मंत्रालयाने जाहीर केला. तेव्हा सैनिक हा आपला रुग्ण आहे, हे गृहीत धरूनच पुढील विचार करावयास हवा.

सैन्य आणि वैद्य यांचा संबंध आपल्या शास्त्राला नवा नाही. सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानात युक्तसेनीय हा स्वतंत्र अध्याय घातला. शारीरस्थानात १०७ मर्मे सांगताना शंख, शृंगाटक व अधिपती यांची गणना सद्यःप्राणहर मर्मांत केली. सद्योव्रण चिकित्सेत शिरातील शल्य काढल्यावर व्रणातून मस्तुलुंग स्रवू नये म्हणून केसांची वर्ती बसविण्याचा आदेश आहे. असा आदेश ज्यांनी प्रत्यक्ष फुटलेले मस्तक हाताळले त्यांनाच सुचू शकतो. चरकाचार्यांनी सिद्धिस्थानात हृदय, बस्ती व शिर ही तीन मर्मे प्रधान मानून त्यांच्या रक्षणाचा स्वतंत्र विचार मांडला. हा वारसा सांगताना आपली छाती फुगते आणि ती फुगावीही. मात्र आजच्या सैनिकाचा शिरोभिघात बहुतांशी बाहेरून दिसत नाही. तेथे वर्ती बसविण्यास व्रणच नसतो.

अमेरिकी सैन्यात २००० सालापासून निदान झालेल्या शिरोभिघातांची संख्या पाच लाखांच्या घरात गेली आहे, आणि त्यांतील पाचांपैकी चार सौम्य वर्गातील आहेत. सौम्य म्हणजे कवटी अभंग, सीटी स्कॅन स्वच्छ, बेशुद्धी असलीच तर थोड्या काळाची. परंतु पुढे कित्येक महिने शिरःशूल, भ्रम, अनिद्रा, विस्मृती, चिडचिड आणि प्रकाश व आवाज यांची असह्यता टिकून राहते. ८ जानेवारी २०२० रोजी इराकमधील अल् असद तळावर इराणची क्षेपणास्त्रे पडली. कोणासही इजा झाली नाही, असे प्रथम जाहीर करण्यात आले. पुढील काही आठवड्यांत शंभराहून अधिक सैनिकांना मेंदूचा अभिघात झाल्याचे निदान झाले. २०१६ साली डॅनियल पर्ल व सहकाऱ्यांनी स्फोटाच्या धक्क्यात सापडलेल्या मृत सैनिकांच्या मेंदूंचे सूक्ष्मदर्शकाखाली परीक्षण केले. तेव्हा मेंदूच्या आवरणाखाली, रक्तवाहिन्यांभोवती आणि करड्या व पांढऱ्या द्रव्याच्या सीमेवर विशिष्ट प्रकारचे वण आढळले. जिवंतपणी कोणत्याही प्रतिमाचित्रणात हे वण दिसत नाहीत. रुग्ण कुरकुरतो, कागद मात्र निर्दोष असतात.

दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. चार्ल्स हॉज व सहकाऱ्यांनी २००८ साली इराकहून परतलेल्या २५२५ सैनिकांची पाहणी प्रसिद्ध केली. डोक्याला मार लागून शुद्ध हरपलेल्यांपैकी सुमारे ४४ टक्के सैनिकांत युद्धजन्य मनोभिघाताची लक्षणे होती. अन्य प्रकारची इजा झालेल्यांत हे प्रमाण सुमारे १६ टक्के, आणि इजा न झालेल्यांत ९ टक्के होते. मनोभिघात व विषाद यांचा प्रभाव गणिताने वेगळा काढल्यावर, सौम्य शिरोभिघाताशी जोडलेल्या शारीरिक तक्रारींपैकी शिरःशूल तेवढा स्वतंत्रपणे शिल्लक राहिला. मेंदूला लागलेले कोणते आणि मनाला लागलेले कोणते, हे रुग्णासमोर बसून ठरविणे किती कठीण आहे ते यावरून ध्यानी यावे. शरीर आणि सत्त्व परस्परांचे अनुवर्तन करतात असे मानणाऱ्या आपल्या शास्त्राला हे निरीक्षण परके वाटू नये. परंतु ते परके वाटत नाही एवढ्यावर चिकित्सा सिद्ध होत नाही.

आता मुख्य विषयाकडे वळू. या रुग्णांसाठी अनेक उपायांची परीक्षणे झाली, त्यांतील उच्चदाब प्राणवायूची कथा प्रत्येक वैद्याने मुळातून समजून घ्यावी असे आम्हास वाटते. दाब वाढविलेल्या बंद कोठीत रुग्णास बसवून शुद्ध प्राणवायू द्यावयाचा, असा हा उपचार. पाणबुड्यांच्या विकारात आणि काही न भरणाऱ्या व्रणांत त्याचा उपयोग मान्य आहे. शिरोभिघातातही तो गुणकारी आहे असे अनेक चिकित्सक अनुभवाने सांगत होते. बऱ्या झालेल्या सैनिकांच्या कथा प्रसिद्ध होत होत्या आणि कुटुंबीय त्यासाठी आग्रह धरीत होते. अखेर सैन्याने रीतसर परीक्षणे हाती घेतली. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या परीक्षणात ५० सैनिक होते. एका गटास २.४ वातावरण दाबाने प्राणवायू दिला. दुसऱ्या गटास केवळ १.३ दाबाने साधी हवा दिली आणि ती खरी चिकित्सा नाही हे त्यांना कळू दिले नाही. तीस सत्रांनंतर दोन्ही गट सुधारले होते आणि दोहोंत लक्षणीय अंतर नव्हते.

त्यापुढील परीक्षणाची आखणी अधिक चतुर होती. ७२ सैनिकांचे तीन गट केले. पहिल्यास नेहमीची सेवा, दुसऱ्यास १.५ दाबाने प्राणवायू, तिसऱ्यास १.२ दाबाने साधी हवा, अशी योजना होती. कोठीत बसणाऱ्यांची चाळीस सत्रे, प्रत्येक सत्र एका तासाचे. प्राणवायू घेणारे सुधारले, साधी हवा घेणारेही सुधारले, दोघांत फरक आढळला नाही. जे कोठीत गेलेच नाहीत ते मात्र मागे राहिले. या निष्कर्षासोबत हॉज आणि वेन जोनास यांनी लिहिलेल्या संपादकीयात कोठीच्या उपचाराला चक्क ‘विधी’ हा शब्द वापरला होता.

या निकालावर लगेच वाद झाला. उपचाराच्या समर्थकांचे म्हणणे असे, की १.२ दाबाची हवा ही निष्क्रिय नव्हे, तीही एक औषधाची मात्राच आहे. विरोधकांचे म्हणणे असे, की घरापासून व कामापासून दूर, शांत जागी, रोज एक तास, आपल्याकडे लक्ष देणाऱ्या माणसांच्या सहवासात चाळीस दिवस काढले तर कोणाचीही लक्षणे उणावतील. पुढे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या, ७१ जणांच्या आणखी एका परीक्षणात प्राणवायू घेणाऱ्यांना आरंभी थोडा अधिक लाभ दिसला, विशेषतः ज्यांना मनोभिघातही होता त्यांना. सहा व बारा महिन्यांनंतर तो टिकला नाही.

वाचकांनी आता क्षणभर कोठीच्या जागी धाराद्रोणी ठेवून पाहावी. शांत खोली, मंद प्रकाश, अभ्यंग करणाऱ्या परिचारकाचे हात, कपाळावर अखंड पडणारी कोष्ण तैलधारा, पथ्याचे भोजन, आणि दररोज आपुलकीने झोपेची चौकशी करणारा वैद्य. चौदा दिवसांनी रुग्ण म्हणतो, झोप लागू लागली, डोके हलके झाले. यातील श्रेय क्षीरबलेचे किती, धारेचे किती आणि चौदा दिवसांच्या विसाव्याचे किती? आपण हा प्रश्न स्वतःस फारसा विचारत नाही. कोणी विचारलाच तर तो आपल्याला अपमानास्पद वाटतो.

आमच्या मते हा अपमान नव्हे. चरकाचार्यांनी चिकित्सेचे चार पाद सांगितले : भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. द्रव्य हा त्यांपैकी एकच पाद आहे. कोठीच्या परीक्षणात द्रव्य काढून घेतले तरी उरलेल्या तीन पादांवर चिकित्सा लंगडत का होईना चालली, असा अर्थ आपल्या परिभाषेत लावता येतो. पाश्चात्त्य संशोधकांना जे गूढ वाटले ते आपल्या संहितांच्या चौकटीत सहज बसते, असे म्हणून टाळ्याही घेता येतील. परंतु येथेच थांबणाऱ्या वैद्याशी आमचा मतभेद आहे. लाभ उरलेल्या तीन पादांचा असेल तर रुग्णाकडून मोल कशाचे घ्यावयाचे, हा प्रश्न उरतोच. सैनिकाच्या निवृत्तिवेतनातून आपण तेलाचे पैसे घेतो. ते तेल साध्या कोष्ण जलधारेपेक्षा अधिक काही करते की नाही, हे जाणून घेण्याचा त्याला अधिकार आहे.

यावर काही ज्येष्ठ वैद्यांचा आक्षेप ठरलेला असतो. आयुर्वेद प्रकृतिनिष्ठ आहे, प्रत्येक रुग्णास वेगळे औषध लागते, म्हणून ही परीक्षणपद्धती आपल्याला लागू पडत नाही. हा आक्षेप आता मागे पडला आहे. कोईमतूर येथे आमवातसदृश सांधेविकाराच्या ४३ रुग्णांवर झालेले परीक्षण २०११ साली प्रसिद्ध झाले. त्यात वैद्यांनी प्रत्येक रुग्णाची प्रकृती व अवस्था पाहून वेगवेगळी औषधे दिली. तरीही मेथोट्रेक्सेट कोणाला, आयुर्वेदीय औषध कोणाला आणि दोन्ही कोणाला, हे रुग्णांपासून व चिकित्सकांपासून लपविणे शक्य झाले. बर्लिनमध्ये जानुसंधीच्या विकारावर १५१ रुग्णांत संपूर्ण आयुर्वेदीय चिकित्साक्रमाची तुलना तेथील प्रचलित उपचाराशी करण्यात आली आणि ते संशोधन २०१८ साली प्रसिद्ध झाले. आपल्या पुण्यातील डॉ. अरविंद चोप्रा व सहकाऱ्यांनी जानुसंधीच्या ४४० रुग्णांवर केलेले परीक्षणही सर्वज्ञात आहे. त्यात काही रुग्णांच्या यकृताच्या तपासणीत एसजीपीटी वाढलेले आढळले. औषध थांबविल्यावर ते पूर्ववत झाले, हेही संशोधकांनी लपविले नाही. सांध्यांच्या बाबतीत जे जमले ते शिराच्या बाबतीत का जमू नये?

लहान परीक्षणांवर विसंबण्याचे दुष्परिणामही या सैनिकी संशोधनात स्पष्ट दिसतात. प्राझोसिन हे रक्तदाबाचे जुने औषध दुःस्वप्नांनी पीडित सैनिकांना गुणकारी ठरते, असे अनेक लहान परीक्षणांनी दाखविले होते. ते सर्रास दिले जाऊ लागले. २०१८ साली १३ केंद्रांतील ३०४ माजी सैनिकांचे परीक्षण प्रसिद्ध झाले आणि त्यात प्राझोसिन व निष्क्रिय गोळी यांत भेद आढळला नाही. तीव्र शिरोभिघातातील प्रोजेस्टेरॉनचीही गत तीच झाली. प्राण्यांवर उत्तम परिणाम, शंभर रुग्णांवर आशादायक परिणाम, आणि २०१४ साली ८८२ व ११९५ रुग्णांच्या दोन मोठ्या परीक्षणांत शून्य. त्याहून गंभीर उदाहरण नागरी रुग्णालयांतील आहे. मस्तकाच्या तीव्र आघातात स्टेरॉइड देण्याची प्रथा अनेक वर्षे चालू होती. २००४ साली १०,००८ रुग्णांच्या परीक्षणात स्टेरॉइड घेणाऱ्यांपैकी २१ टक्के दोन आठवड्यांत दगावले, न घेणाऱ्यांपैकी १८ टक्के. शंभरामागे तीन अधिक मृत्यू कोणत्याही एका डॉक्टरच्या अनुभवात दिसणार नाहीत. ते दिसण्यासाठी दहा हजार माणसे मोजावी लागली. आपल्या पदव्युत्तर प्रबंधांतील तीस रुग्ण, पंधरा-पंधराचे दोन गट आणि शेवटी उत्तम, मध्यम व अल्प उपशयाचा तक्ता यांच्या आधारे मेंदूविषयी निश्चित विधाने करणे किती धाडसाचे आहे, हे यावरून कळावे.

सर्व निकाल निराशाजनक आहेत असेही नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या परीक्षणात २०३ माजी सैनिकांना भावातीत ध्यान, स्मृतींना सामोरे जाण्याची मानसचिकित्सा आणि आरोग्यशिक्षण अशा तीन गटांत विभागले होते. ठरविलेल्या मापाने लक्षणीय सुधारणा अनुक्रमे ६१, ४२ व ३२ टक्के रुग्णांत झाली, आणि ध्यान हे प्रस्थापित मानसचिकित्सेहून उणे ठरले नाही. सुदर्शन क्रियेचेही ८५ माजी सैनिकांवर असेच तुलनात्मक परीक्षण होऊन २०२२ साली प्रसिद्ध झाले आणि तीही उणी ठरली नाही. आपल्या मातीतील पद्धतींचे हे यश सांगताना एक गोष्ट झाकू नये. ध्यानावरील संशोधनाचे प्रमुख त्या ध्यानाचा प्रसार करणाऱ्या विद्यापीठाशी संबंधित होते. आपल्या विरोधातील संशोधकाचे हितसंबंध आपण जेवढ्या तत्परतेने शोधतो तेवढ्याच तत्परतेने हेही शोधले पाहिजेत. तथापि अहित विषयांपासून मनाचा निग्रह, या सूत्रात सांगितलेल्या सत्त्वावजय चिकित्सेला आज परीक्षणाचे दार उघडे आहे, हे यातून निश्चित दिसते. खेद याचा, की ते दार योग व ध्यान शिकविणाऱ्या संस्थांनी ठोठावले, वैद्यांनी नव्हे.

औषधनिर्मात्यांशी व औषधालयांच्या मालकांशी थोडे परखड बोलणे येथे आवश्यक वाटते. गेल्या वर्षी एका कंपनीचा प्रतिनिधी आमच्या चिकित्सालयात एक रंगीत पत्रक ठेवून गेला. त्यावर गणवेशातील जवानाचे चित्र होते. ब्राह्मी, शंखपुष्पी व ज्योतिष्मती यांच्या एका कल्पाने ‘मेंदूच्या आघातानंतरची स्मृती परत मिळते’ असा दावा होता. त्याखाली आधार म्हणून उंदरांवरील एका प्रयोगाचा उल्लेख होता. १९५४ च्या औषध व जादुटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या परिशिष्टात मेंदूचे विकार स्पष्टपणे समाविष्ट आहेत. नोंदणीकृत वैद्यास गोपनीयरीत्या पाठविलेल्या माहितीला कायदा सवलत देतो हे खरे. पण तेच पत्रक औषधालयाच्या काउंटरवर गिऱ्हाइकांसाठी ठेवले की सवलत संपते. आमच्या गावातील दोन दुकानांत ते काउंटरवरच होते. कायद्याचे भय बाजूला ठेवले तरी प्रश्न उरतो. ज्या घरातील कर्ता पुरुष नाव विसरतो, मुलांवर हात उगारतो, रात्री दचकून उठतो, त्या घरातील स्त्री हे पत्रक वाचून महिनाभराचा किराणा कमी करील, याचा विचार पत्रक छापणाऱ्याने केला असेल काय?

चिकित्सेतील काही धोके परीक्षणाची वाट न पाहता सांगता येतात. मस्तकाच्या आघातानंतर नाकातून पातळ पाण्यासारखा स्राव होत असेल तर तो प्रतिश्याय समजून नस्य देणे हे प्राणावर बेतू शकते. कवटीच्या तळाला भेग असण्याची शक्यता मनात धरून असा रुग्ण तत्काळ न्यूरोसर्जनकडे पाठवावा. वाढता शिरःशूल, वारंवार छर्दी, गुंगी किंवा एका बाजूची दुर्बलता असेल तर वमनादी शोधन दूर ठेवावे. सारस्वतारिष्टात स्वयंजनित मद्य असते. मद्यपानाच्या आहारी गेलेल्या आणि अभिघातजन्य अपस्मारासाठी औषधे घेणाऱ्या माजी सैनिकास ते देण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा. स्मृतिसागर रसात पारद, हरताल व मनःशिला आहेत. तो महिनोन्महिने चालू ठेवून वृक्काची तपासणी न करणे, याला शास्त्रनिष्ठा म्हणता येत नाही. फेफऱ्यावरील आधुनिक औषधे एकाएकी बंद करावयास सांगणारे वैद्य आजही आहेत. त्यांच्याविषयी अधिक लिहिण्याची आमची इच्छा नाही.

मग करावयाचे काय? मेंदूचा अभिघात ‘बरा करतो’ असा पण लावून परीक्षणास उतरू नये. अनिद्रा किंवा अभिघातोत्तर शिरःशूल असे एकच, मोजता येणारे लक्षण निवडावे. अल् असदच्या रुग्णांनाही आणि साताऱ्याच्या रुग्णांनाही सर्वांत आधी हवी असते ती झोप. कोठीच्या परीक्षणाप्रमाणेच तीन गट असावेत : एकास चालू असलेले उपचार, दुसऱ्यास अभ्यंगासह औषधसिद्ध तैलधारा, तिसऱ्यास तेच हात, तीच खोली, तेवढेच दिवस, पण धारा साध्या कोष्ण जलाची. जलधाराही निष्क्रिय नाही, असा वाद आपल्याकडेही होईल. होऊ द्यावा. म्हणूनच पहिला गट वगळून चालणार नाही. निरीक्षण करणारी व्यक्ती कोणता रुग्ण कोणत्या गटात आहे हे न जाणणारी असावी. मनोविकारतज्ज्ञ व न्यूरोलॉजिस्ट सोबत असावेत. रुग्णसंख्या संख्याशास्त्रज्ञाने ठरवावी, प्रबंधाच्या मुदतीने नव्हे. नीतिसमितीची मान्यता घेऊन परीक्षणाची नोंद पहिला रुग्ण घेण्यापूर्वी भारताच्या क्लिनिकल ट्रायल रजिस्ट्रीत करावी, म्हणजे निकाल प्रतिकूल आला तरी तो कपाटात ठेवता येणार नाही. खर्चाचा काही भार औषधनिर्मात्यांनी उचलावा, परंतु निकाल प्रसिद्ध करण्याचा अधिकार त्यांच्या हाती नसावा. ही अट ज्यांना मान्य होणार नाही त्यांचा पैसा नको.

तोपर्यंत, माजी सैनिकांवर चिकित्सा करणाऱ्या सभासदांनी निदान नोंदी तरी एकसारख्या ठेवाव्यात, अशी सूचना आम्ही संघटनेच्या आगामी वार्षिक सभेत मांडणार आहोत. हेतुपरीक्षणात आहार-विहाराच्या प्रश्नांसोबत हेही विचारले जावे : तोफखान्यात किंवा मॉर्टरवर किती वर्षे सेवा झाली, स्फोटाच्या जवळ किती वेळा होतात, शुद्ध हरपली होती काय, कानातून रक्त आले होते काय, अपघात व मारामारीत डोक्याला मार लागला होता काय, मद्य किती, सध्या कोणती आधुनिक औषधे चालू आहेत. मनात आत्मघाताचा विचार येतो काय, हा प्रश्नही आडवळणाने न विचारता सरळ विचारावा, आणि उत्तर होकारार्थी आले तर त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञाशी बोलावे. ही उत्तरे शक्यतो पत्नी किंवा घरातील अन्य कोणासमवेत पडताळून पाहावीत. सैनिक वेदना कमी करून सांगतो. नोंदपत्रिकेचा मसुदा आम्ही तयार केला असून रुग्णाचे नाव व पलटण यांसाठी त्यात मुद्दाम रकाना ठेवलेला नाही.